झाडाचं नाव विचारण्याआधी त्याची जागा विचारा

गणेश चवथीच्या आदल्या दिवशी आमच्या घरी गणपतीच्या वर टांगायची माटोळी बांधतात. चौकटीला नारळ, सुपारीची शिपटी, तोरिंगं, आणि त्यांच्या अधेमधे रानातून आणलेला माल: कांगणांचे घोस, तांबडीलाल कवंडळं, घागऱ्यांच्या शेंगा, फागलां. ही नावं मला लहानपणापासून पाठ आहेत. पण कुणी मला डोंगरावर नेऊन 'यातली कांगणांची वेल दाखव' म्हटलं असतं, तर कित्येक वर्षं मला ती दाखवता आली नसती. नाव तोंडात होतं, फळ हातात होतं, वेल मात्र कधी पाहिलीच नव्हती. गोव्यातल्या पुष्कळ घरांत आज हीच स्थिती आहे, आणि मला ती मनापासून टोचते. नाव आणि झाड यांची पुन्हा गाठ कशी घालायची, हे मी रानात फिरून जेवढं शिकले तेवढं इथे लिहिते आहे. वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. डोळे, वही आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा जायची तयारी लागते.

एकच वाट धरा

सुरुवात मोलेच्या किंवा म्हादईच्या अभयारण्यापासून करू नका. तिथे एका नजरेत पन्नास जातींची झाडं दिसतात आणि नवखा माणूस गांगरतो. घरापासून चालत जाता येईल अशी किलोमीटरभराची पायवाट निवडा. देवळामागची टेकडी, शेताचा बांध, ओहोळाची कड, काहीही चालेल. या वाटेवर वर्षातून निदान चार फेऱ्या करा: पहिला पाऊस स्थिरावल्यावर जूनच्या अखेरीस, चवथीच्या आसपास, डिसेंबरात, आणि मग एप्रिलच्या उन्हात.

चार फेऱ्या का, तर एका भेटीत झाड आपल्याला अर्धंच दिसतं. ज्या पांगाऱ्याकडे पावसात तुमचं लक्षही जात नाही, तो फेब्रुवारीत पानं टाकून लालभडक उभा असतो. जांभ्याच्या पठारावरची दीपकाडी पहिल्या पावसाबरोबर जमिनीतून वर येते, पांढरी फुलं दाखवते आणि थोड्याच दिवसांत दिसेनाशी होते. सप्टेंबरात गेलात तर ती तिथे होती यावर विश्वास बसणार नाही. पहिल्या वर्षी वीस झाडं नीट ओळखता आली तरी खूप झालं.

झाड कुठे उभं आहे?

कुठलंही अनोळखी झाड दिसलं की आपण पहिल्यांदा फुलाकडे बघतो. माझा आग्रह आहे की आधी पायाखाली बघा. जमीन कसली आहे, पाणी किती वेळ साचतं, ऊन किती पडतं, खारं वारं लागतं का. गोवा अवघा 3702 चौरस किलोमीटरचा, पण समुद्राच्या वाळूपासून सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत तासा-दीड तासात पोचता येतं, आणि एवढ्या अंतरात वनस्पतींची सगळी वस्तीच चार-पाच वेळा बदलते. जागा कळली की शक्यतांची यादी एकदम आखूड होते.

सड्याचंच घ्या. जांभ्या दगडाचं उघडं पठार म्हणजे सडा. मे महिन्यात तो इतका रखरखीत असतो की परका माणूस त्याला पडीक म्हणून मोकळा होतो. आणि 'पडीक' म्हटलं की तिथे बांधकाम करायला कुणाची हरकत उरत नाही. मोपाच्या सड्यावर आज विमानतळ आहे, पर्वरीचा बराचसा सडा इमारतींखाली गेला आहे. त्याच सड्यावर ऑगस्टात गुडघे टेकून बसा. दगडावर बोटभर मातीचा थर, त्यात साचलेलं पाणी, आणि त्या पाण्याच्या कडेने जांभळ्या-निळ्या इवल्या फुलांचे पट्टे. ती सीतेची आसवं. ही वनस्पती कीटकभक्षी आहे. पाण्यात आणि चिखलात असलेल्या तिच्या भागांवर बारीक फुगे असतात, त्यांच्या तोंडाशी सूक्ष्म जीव आला की डोळ्याचं पातं लवायच्या आत तो आत ओढला जातो. शेजारीच दवबिंदू सापडतो. पानांवरच्या केसांच्या टोकांना चिकट थेंब लटकलेले, आणि त्यात एखादं चिलट अडकलेलं. इतक्या कीटकभक्षी वनस्पती एकाच जागी का, याचं उत्तर जमिनीत आहे. जांभ्यावरच्या या पातळ मातीत नत्र आणि स्फुरद अगदी कमी, म्हणून ती भूक कीटकांवर भागवली जाते. गेंदाची पांढरी बटणं, तेरड्याचा गुलाबी, कवल्याची पिवळी फुलं यांचा क्रम लागतो तो पाण्याच्या कमी-जास्त होण्यावर. पाणी साचतं तिथे एक, नुसती ओल असते तिथे दुसरं, दगडाच्या चिरेत तिसरं. सड्यावर चालताना एवढं पाहिलंत तरी झाडं ओळखण्याचं अर्धं शिक्षण होतं. चालताना मात्र उघड्या दगडावर पाय टाका, फुलांच्या गालिच्यावर नको.

दुसरी जागा खाजनाची, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या जमिनीची. रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला उतरलात की कांदळवन समोरच असतं, पण खाजनाचा कुठलाही बांध चालेल. सुकती, म्हणजे ओहोटी, बघून जा. भरतीत मुळं पाण्याखाली जातात, आणि खारफुटी ओळखायची सोपी खूण मुळांतच आहे. खोडापासून कमानीसारखी मुळं खाली उतरलेली दिसली तर तो कांदळ. त्याच्या पानाच्या टोकाला सुईसारखं अणकुचीदार टोक असतं, आणि झाडावरच रुजलेल्या हिरव्या लांब शेंगांसारख्या काठ्या खाली लोंबत असतात. चिखलातून शेकडो पेन्सिली वर आल्यासारख्या दिसल्या तर तिवर. तिवराचं पान जिभेला लावून बघायचा मोह होतो, पण बोटाने पुसलंत तरी मिठाचे कण हाताला लागतात. वर आलेली मुळं जाड, बुडाशी रुंद आणि टोकाकडे निमुळती असतील तर चिप्पी. तिच्या गोल फळाखाली चांदणीसारखा देठ असतो. कडांना काटे असलेली पानं आणि निळसर जांभळं फूल असेल तर मारांडी. आणि जाता जाता एक इशारा: चीक येणारं, गळण्याआधी पानं लाल होणारं हुरा नावाचं झाड या वनात असतं. त्याचा चीक डोळ्यांत गेला तर दिसेनासं होतं. फांदी मोडू नका.

किनाऱ्यावर फार वेळ द्यावा लागत नाही. वाळूवर पसरलेली, आपट्यासारखी दुभंगलेली पानं असणारी मर्यादवेल पहिल्याच फेरीत ओळखता येते. तिच्यामागे केवडा असतो. सुरूची रांग दिसली तर ती माणसाने लावलेली असते, हे ध्यानात ठेवा.

हा प्रश्न सगळीकडेच विचारायला हवा: हे इथलंच की आणलेलं? आपल्या डोंगरांवरचा काजू पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलमधून आला. घाणेरी आणि रानमोडी याही अमेरिका खंडातल्याच. रस्त्याकडेला आणि खाणींच्या मातीवर लावलेला ऑस्ट्रेलियन आकाशिया तर ओळखण्याच्या दृष्टीनेही पाहण्यासारखा आहे, कारण त्याची कोयत्यासारखी 'पानं' ही खरी पानं नव्हेतच, चपटे झालेले देठ आहेत. बी रुजून आलेलं कोवळं रोप शोधा, त्याला पहिली पानं संयुक्त, पिसासारखी आलेली दिसतील.

पान वाचायला शिका

फूल वर्षातून काही आठवडे, पान मात्र बहुतेक काळ हाताशी असतं. म्हणून पानापासून सुरुवात. चार गोष्टी याच क्रमाने बघा.

पहिली, पानं फांदीवर समोरासमोर आहेत की एकाआड एक. भिरंड समोरासमोर, आंबा एकाआड एक. सातवणाची पानं एकाच ठिकाणाहून चक्रासारखी फुटतात, बहुधा पाच ते सात.

दुसरी, पान साधं की संयुक्त. इथे नवखे हमखास चुकतात. चिंचेचं एक इवलं पान हे पान नव्हे, पर्णिका. फरक कळायला पानाच्या बगलेत बघा. जिथे कळी किंवा कोंब असतो तिथून पान सुरू होतं. पर्णिकेच्या बगलेत कळी नसते.

तिसरी गोष्ट माझ्या आवडीची: दोन पानांच्या मधली जागा. समोरासमोर पानं असलेल्या फांदीवर दोन देठांच्या मधोमध त्रिकोणी खवला दिसला, तर झाड कॉफीच्या कुळातलं असण्याची दाट शक्यता. शेरवडीवर हे छान दिसतं. पावसात कुंपणाजवळ केशरी चांदणीभोवती पांढरंशुभ्र 'पान' मिरवणारी, पुस्तकात भूतकेस म्हणून सापडणारी हीच ती. याउलट वड-पिंपळ-उंबराच्या फांदीवर प्रत्येक पानाशी एक पूर्ण कडं उमटलेलं असतं. कोवळ्या पानाला झाकणारी टोपी गळून पडल्याची ती खूण, आणि सोबत चीक निघाला तर उंबराच्या कुळाबद्दल शंका उरत नाही.

चौथी, शिरा आणि वास. बुडापासूनच तीन ते पाच ठळक शिरा निघालेल्या, पानं समोरासमोर आणि तुकतुकीत, वर नारिंगासारखं गोल फळ: हा काजरो. बी प्राणघातक विषारी. गोव्यात तो सर्रास आहे, म्हणून पहिल्या वीसात त्याचं नाव असायलाच हवं. गळून पडलेलं पान चुरगळून वास घ्या. आंब्याच्या कुळाला कैरीच्या डेखाचा वास येतो. तिरफळाच्या कुळाला लिंबासारखा, आणि तसं पान उजेडासमोर धरलं तर तेलाचे पारदर्शक ठिपके दिसतात.

खोडाशी थांबा

उंच झाडाचं पान हाताला येत नाही तेव्हा खोड बोलतं. माडत, म्हणजे ऐन, हे सुसरीच्या पाठीसारखं चौकोनी भेगाळलेलं. नाणा गुळगुळीत, पांढुरका, पापुद्रे सुटणारा. एकदा ही दोन्ही शेजारी शेजारी पाहिली की पुन्हा विसरत नाही. ऐनाची शंका असेल तर खाली पडलेलं पान उलटं करा. बुडाजवळ मधल्या शिरेवर एक-दोन बारीक गाठी दिसतात. किंदळ त्याचाच भाऊबंद, तिथे फळ बघावं लागतं. ऐनाच्या फळाला पाच सारखे पंख, किंदळाच्या फळाला एक मोठा आणि दोन लहान. नोव्हेंबर-डिसेंबरात घाटाच्या रस्त्याने जाताना तांबूस गंजाच्या रंगाने मढलेली झाडं दिसतात ती किंदळाची, आणि तो रंग बहुतेकांना वाटतो तसा फुलांचा नसून या फळांचा असतो.

खोडावर काटे असलेली तीन झाडं मुलांना शिकवायला फार उपयोगी पडतात. हाताच्या बोटांसारखी पाच-सात पर्णिका एकाच बिंदूतून फुटलेल्या तर सावर. तीन पर्णिका तर पांगारा. पिसासारखं लांब पान आणि चुरगळल्यावर लिंबाचा वास, तर तिरफळ. बांगड्याच्या हुमणात पडणारं तेफळ या काटेरी खोडाच्या झाडावर पिकतं, हे सांगितलं की मुलांचे डोळे विस्फारतात.

घाई नको

आता कुड्याची गोष्ट सांगते. आमच्या वाटेवर एक झाड होतं, समोरासमोर पानं, पांढरा चीक, सुगंधी पांढरी फुलं. मी वहीत 'कुडा' लिहिलं आणि दोन वर्षं तसंच धरून चालले. एकदा लाकडं वेचून येणारी गावातली वयस्क बाई थांबली. मी मोठ्या उत्साहाने तिला नाव सांगितलं. तिने मान हलवली. "हो तो न्हय गो बाय. शेंगो पळय."

शेंगा जोडीजोडीने लोंबत होत्या, आणि कोवळ्या जोडीची टोकं एकमेकींना चिकटलेली होती. कुड्याच्या जोडीतल्या शेंगा सुट्या असतात. म्हणजे माझा हा कुडा काळा कुडा निघाला. मग पुढच्या उन्हाळ्यात फुलं नीट पाहिली. काळ्या कुड्याच्या फुलात मध्यभागी बारीक झालर असते, पांढऱ्या कुड्याच्या फुलात ती नसते. पांढऱ्याच्या बिया कडू इंद्रजव, काळ्याच्या गोड इंद्रजव. आवेच्या औषधाला लोक कडू कुडा वापरत आले आहेत, तेव्हा ही अदलाबदल वहीपुरतीच राहील असं नाही. त्या दिवसापासून मी फूल आणि फळ दोन्ही पाहिल्याशिवाय नावापुढे बरोबरची खूण करत नाही. तोवर नाव पेन्सिलीने लिहिते.

वही आणि फोटो

वहीत तारीख, जागा, जमीन, उंचीचा अंदाज, पानांची मांडणी, चीक आहे का आणि कुठल्या रंगाचा, वास, फुलावर कोण येतंय, एवढं लिहा. रंग, वास आणि चीक तिथेच लिहून घ्या, घरी आठवत नाहीत. आणि जिने किंवा ज्याने नाव सांगितलं त्यांचा गाव लिहा, कारण पेडण्यातलं नाव काणकोणात वेगळं असू शकतं.

फोटो काढताना लोक फुलाचे दहा फोटो घेतात आणि पानाचा एकही नाही. निदान सहा हवेत: अख्खं झाड, खोड, फांदीवर पानं कशी लागली आहेत ते, पानाची खालची बाजू, फूल समोरून, आणि फूल बाजूने. फळ असेल तर तेही. शेजारी एखादं नाणं ठेवलं की आकार कळतो. पांढरी फुलं उन्हात जळल्यासारखी येतात, तेव्हा आपल्या अंगाची सावली पाडा. दहापट मोठं दाखवणारं खिशातलं भिंग जरूर घ्या. सड्यावरची फुलं त्याशिवाय अर्धीच दिसतात.

नाव शेवटी

एवढं झाल्यावर नावाकडे या. आधी माणसांना विचारा. लाकूडफाटा, रानभाजी, गुरं यांच्या निमित्ताने रानात वावरलेल्या बायका आणि गुराखी हे या मातीचे खरे जाणकार. पण त्यांना फोटो दाखवू नका, जमलं तर झाडापाशी न्या किंवा गळलेली फांदी दाखवा. त्या हात लावून, वास घेऊन ओळखतात. आमच्याकडे करवंद म्हणजे कांटां, टाकळा म्हणजे टायकिळो. मराठी पुस्तकातलं नाव, कोंकणी नाव आणि शास्त्रीय नाव अशी तिन्ही शेजारी लिहा. शास्त्रीय नाव मिरवायला नको, पण दोन गावं एकाच नावाने दोन वेगळी झाडं ओळखतात तेव्हा निवाडा त्याच नावाने होतो.

आयनॅचरलिस्टसारखी ॲप उपयोगी आहेत, पण त्यांचं उत्तर म्हणजे शोधाची सुरुवात समजा. कूळ बहुधा बरोबर निघतं, जात पुष्कळदा चुकते. सुचवलेलं नाव घेऊन वहीतल्या खुणा एकेक ताडून बघा, एक जरी जुळली नाही तरी थांबा. आणि झाडावरच्या सीतेच्या वेणीसारख्या ऑर्किडची नेमकी जागा उघड करू नका. ओरबाडून नेणारे असतात.

जपण्याच्या गोष्टी

ओळख पटली म्हणून काहीही तोंडात घालू नका. माटोळीतलं कवंडळ दिसायला मोहक, खायला नव्हे. पावसाळ्यात कुंपणावर चढणारी कळलावी पानाच्या टोकाला वळलेल्या तणाव्यावरून चटकन ओळखता येते, तिचा कंद अतिशय विषारी. खाजकुयलीच्या मखमली शेंगांना हात लावू नका. बिब्याच्या जातीच्या झाडांचा चीक अंगावर पडून काळा पडतो आणि फोड येतात, त्या झाडाखाली पावसात उभंही राहू नये म्हणतात ते पाळलेलं बरं.

सत्तरीत 2015 नंतर माकडतापाने माणसं दगावली आहेत. तो गोचिडींमुळे पसरतो आणि कोरड्या महिन्यांत जोर धरतो. लांब बाह्या, पायमोज्यांत खोचलेली विजार, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि अंग तपासणं, हे चुकवू नका. रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. पावसाळ्यात झुडपात हात घालण्याआधी काठी घाला. मलबारी चापडा हा विषारी साप पानांच्या रंगात मिसळून फांदीवर निश्चल बसलेला असतो.

अभयारण्यात वनखात्याची परवानगी घेऊनच जा. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथून झाडाचा भाग नेता येत नाही. देवराईला वेगळा कायदा सांगावा लागू नये. सत्तरीत बांबर इथल्या निरंकाराच्या राईत रानजायफळाची दलदल टिकून आहे, चिखलातून गुडघ्यासारखी वाकून वर आलेली मुळं तिथे बघायला मिळतात. ती टिकली, कारण गावाने तिथलं काही तोडलं नाही. गावकऱ्यांना विचारून, चपला काढायला सांगितल्या तर काढून, मुळांवर पाय न देता बघा.

आता चवथ आली की एक करा. विसर्जनानंतर माटोळी उतरवतात आणि रानातला सगळा माल पाण्यात किंवा माडाच्या आळ्यात जातो. त्याआधी तासभर वही घेऊन खाली बसा. एकेक वस्तू हातात घ्या, देठाला पान राहिलं असेल तर त्याची मांडणी बघा, कांगणाचं फळ उकलून आतल्या बियांभोवतीचं लाल आवरण बघा, सुकलेली घागऱ्याची शेंग कानाशी हलवा. ज्यांनी तो माल आणला त्यांना विचारा, कुठल्या डोंगरावर, कुठल्या बाजूला, कशावर चढली होती. आमच्या घरची कांगणांची वेल मला अशीच सापडली, ओहोळापलीकडच्या किंदळावर, माझ्या रोजच्या वाटेपासून चाळीस पावलांवर. पुढच्या एप्रिलात तिची हिरवट बारीक फुलं पाहिली आणि वहीतलं पेन्सिलीचं नाव शाईने लिहिलं.